हात वर जात नाही

सिंगापूरच्या उत्तर-दक्षिण मेट्रो मार्गावर नोव्हेना नावाचे स्टेशन आहे. थॉमसन रोडवरच्या सेंट अल्फान्सस चर्चमध्ये १९५१ पासून होणाऱ्या नोव्हेना प्रार्थनेवरून या भागाला हे नाव मिळाले. आज मात्र नोव्हेना म्हटले की दवाखाने आठवतात. १९७९ सालचे थॉमसन मेडिकल, २०१२ मध्ये उघडलेले माउंट एलिझाबेथ नोव्हेना, २०१९ मधले संसर्गजन्य रोगांचे राष्ट्रीय केंद्र, वैद्यकीय महाविद्यालय, त्वचारोगाचे केंद्र आणि मॉलच्या वरच्या मजल्यांवर एकाला एक लागून असलेले तज्ज्ञांचे दवाखाने, हे सगळे पायी फिरण्याच्या अंतरात आहे. बॅडमिंटन खेळताना खांदा दुखावलेला बँकेतला अधिकारी इथे येतो. भारतातून दुसरे मत घ्यायला आलेली कुटुंबेही येतात.

याच भागात टॅन टॉक सेंग रुग्णालय आहे. मलाक्कात जन्मलेला, भाजी, फळे आणि कोंबड्या विकून धंद्याला लागलेला एक चिनी माणूस पुढे मोठा व्यापारी झाला आणि रस्त्यावर मरणाऱ्या निराधारांसाठी त्याने पैसे दिले. १८४४ साली पर्ल्स हिलवर या रुग्णालयाची पायाभरणी झाली, १९०९ मध्ये ते आजच्या परिसरात आले. सरकारी रुग्णालय असल्यामुळे बांधकामावर पडलेला, जहाजाच्या गोदीत चिरडलेला, गोदामात माल उचलताना खांदा निखळलेला कामगार इथेही येतो. अस्थिरोग विभागाच्या रांगेत गळ्यात हात बांधलेले तरुण दिसतात. बहुतेक तामिळ किंवा बांगलादेशी, काही चिनी. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. त्यांच्या खांद्यावरचा उपचार बँक अधिकाऱ्याच्या खांद्यावर होतो तोच असतो. पण या कामगाराला खांद्याबरोबर आणखी एक गोष्ट सिद्ध करायची असते : हा खांदा कामावर गेला.

खांद्याच्या बाबतीत हे सिद्ध करणे फार अवघड असते, हे आधी सांगायला हवे.

शरीरातला सर्वांत मोकळा फिरणारा सांधा म्हणजे खांदा. दंडाच्या हाडाचा मोठा गोल एका उथळ वाटीवर टेकलेला असतो. त्याला जागेवर धरतात ते चार लहान स्नायू आणि त्यांच्या कंडरा. डॉक्टर त्यांना एकत्रितपणे रोटेटर कफ म्हणतात. यातली वरची कंडरा खांद्याच्या हाडाच्या छपराखालून जाते. हात डोक्यावर नेला की तिथली जागा अरुंद होते. छताला ड्रिल मारणारा, वातानुकूलनाच्या नळ्या बसवणारा, परांची बांधणारा, रंगारी, वायरमन ही माणसे दिवसाचे कितीतरी तास त्या अरुंद जागेत काम करतात. रुग्णाला कुशीवर वळवणारी, खाटेवरून खुर्चीत बसवणारी परिचारिकाही त्याच गटात येते. अमेरिकेतल्या व्यवसायजन्य आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने १९९७ साली तोवरचे संशोधन तपासले. तोच तो हात वारंवार हलवणे आणि हात उचललेल्या अवस्थेत काम करणे यांचा खांद्याच्या विकारांशी संबंध दाखवणारा पुरावा तिला आढळला.

आता अडचण पाहा. बोट तुटले तर ते तुटलेले दिसते. कंडरा फाटली तर साध्या एक्स-रेमध्ये हाडे शाबूत दिसतात. फाटलेली कंडरा दिसते ती एमआरआयमध्ये, आणि एमआरआयला पैसे आणि तारीख दोन्ही लागतात. एमआरआयमध्ये फाटलेले दिसले तरी वाद संपत नाही, कारण चाळिशीनंतर काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या खांद्यातही झीज आढळते आणि साठीनंतर ती अगदी सामान्य असते. म्हणून विमा कंपनीच्या कागदावर ‘वयोमानानुसार झीज’ असे शब्द सहज येतात. बेचाळीस वर्षांच्या ज्या माणसाने वीस वर्षे डोक्यावर हात धरून काम केले, त्याच्या झिजेत वय किती आणि काम किती, हे कोणत्याही यंत्राला सांगता येत नाही. कायद्याला मात्र उत्तर हवे असते.

हा कायदा मूळचा कुठला? कारखान्यात जखमी झालेल्या कामगाराने मालकाचा दोष सिद्ध न करताही भरपाई मागावी, ही कल्पना जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८४ मध्ये प्रत्यक्षात आली. इंग्लंडने १८९७ मध्ये कायदा केला. भारतात १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. तेव्हा केंद्रीय कायदेमंडळात कामगारांच्या वतीने बसलेला माणूस मराठी होता : नारायण मल्हार जोशी. परळच्या चाळींत सोशल सर्व्हिस लीगचे काम करून ते तिथे पोचले होते. सिंगापुरात याच घराण्यातला कायदा १९३३ साली आला. स्वातंत्र्यानंतर १९७५ मध्ये नवा कायदा झाला, २००८ मध्ये त्याचे नाव आणि व्याप्ती बदलली आणि २०१९ साली मंजूर झालेला आजचा कायदा १ सप्टेंबर २०२० पासून चालू आहे. दोन्ही देशांतल्या कायद्यांत एकच कसोटी आहे : इजा कामामुळे आणि कामाच्या ओघात झालेली असावी.

कागदावर सिंगापूरचा कायदा चांगला आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. नोकरीच्या करारावर असलेल्या जवळजवळ कोणालाही तो लागू होतो, मग पगार कितीही असो आणि पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो. अंगमेहनतीचे काम करणाऱ्या प्रत्येकाचा विमा काढणे मालकाला सक्तीचे आहे. दावा करायला वकील लागत नाही, दोष कोणाचा हे विचारले जात नाही. अपघातापासून एक वर्षाच्या आत दावा करावा लागतो. डॉक्टरने रजा दिली तर बाह्यरुग्ण म्हणून १४ दिवसांपर्यंत आणि रुग्णालयातल्या रजेचे ६० दिवसांपर्यंत पूर्ण वेतन मिळते, त्यानंतर एक वर्षापर्यंत दोन-तृतीयांश. हे वेतन काढताना ओव्हरटाइम धरला जातो, आणि ज्याचे मूळ वेतन तुटपुंजे आहे त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अपघातांसाठी उपचारखर्चाची मर्यादा ५३,००० सिंगापूर डॉलर आहे. पूर्ण कायमचे अपंगत्व आले तर किमान १,१६,००० आणि कमाल ३,४६,००० डॉलर मिळतात. अपंगत्व अंशतः असेल तर त्या टक्केवारीने. खांद्याला दहा टक्के ठरले तर हिशेब ११,६०० ते ३४,६०० डॉलरच्या दरम्यान बसतो. नेमका आकडा वय आणि सरासरी कमाईवर अवलंबून असतो.

२०२४ साली सिंगापुरात कामाच्या ठिकाणी ४३ माणसे मेली. दर लाख कामगारांमागे हे प्रमाण १.२ येते आणि जगाच्या तुलनेत ते कमी आहे. मृत्यू लपत नाही. खांदा लपतो, आणि तो कसा लपतो हे सिंगापूरच्याच न्यायालयीन नोंदींत आहे.

२०११ साली दोन बांधकाम कामगारांना वेगवेगळ्या ठिकाणी अपघात झाले. एकाच्या हाताचे हाड मोडले. दुसरा उंचावरून पडला, त्याच्या इतर हाडांबरोबर हासळीचे हाड, म्हणजे खांद्याला छातीशी जोडणारे हाडही मोडले. दोघांवर खासगी अस्थिरोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रिया केल्या. पहिल्याला शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांची रजा देऊन पुढे महिनाभर ‘लाइट ड्यूटी’साठी योग्य ठरवले गेले. दुसऱ्यालाही पुरेशी रजा न देता हलक्या कामाला योग्य ठरवले. दोन्ही प्रकरणे वैद्यक परिषदेपुढे आणि तिथून उच्च न्यायालयात गेली. २०१६ मध्ये पहिल्या डॉक्टरला सहा महिन्यांसाठी निलंबित करण्यात आले, २०१९ मध्ये दुसऱ्याचे पाच महिन्यांचे निलंबन कायम राहिले. बांधकामावर हलके काम खरोखर उपलब्ध आहे का आणि या माणसाला विश्रांती मिळणार आहे का, हे पाहिल्याशिवाय डॉक्टरने तसे लिहून देऊ नये, असा न्यायालयाचा रोख होता.

दोन दिवसांच्या रजेमागे काय असते हे समजायला तेव्हाचा नियम माहीत हवा. रजा तीन दिवसांहून जास्त झाली किंवा कामगार चोवीस तास रुग्णालयात राहिला, तर मालकाने अपघात मनुष्यबळ मंत्रालयाला कळवणे बंधनकारक होते. तीन दिवसांच्या आत प्रकरण मिटले तर कळवण्याची सक्ती नव्हती. मालकाच्या दृष्टीने एमसीच्या चौथ्या दिवशी चौकशी सुरू होई. तिथले कामगार वैद्यकीय रजेच्या चिठ्ठीला एमसी म्हणतात, आणि त्यांच्यासाठी ती चिठ्ठी हा अपघात घडल्याचा पहिला पुरावा. सप्टेंबर २०२० पासून नियम बदलला. आता कामावरच्या इजेमुळे एक दिवसाची रजा किंवा नुसती लाइट ड्यूटी मिळाली तरी अपघात कळवावा लागतो, आणि लाइट ड्यूटीच्या काळातली वेतनाची तूटही भरून द्यावी लागते. ही सुधारणा वरवर किरकोळ दिसते. माझ्या मते त्या कायद्यातली ती सर्वांत मोलाची आहे, कारण डॉक्टरच्या लेखणीवर पडणाऱ्या दबावाचे कारणच तिने काढून घेतले.

तरीही वाट पाहणे उरतेच. बांधकाम, गोदी आणि प्रक्रिया उद्योगांत वर्क परमिटवर काम करणारे साडेचार लाखांच्या आसपास लोक आहेत. परमिट मालकाच्या हातात असते. दावा केला आणि मालकाने परमिट रद्द केले, तर कामगाराला दाव्याचा निकाल लागेपर्यंत राहण्यासाठी ‘स्पेशल पास’ मिळतो. या पासवर बहुतेकांना काम करता येत नाही. गावाकडे एजंटला दिलेल्या पैशाचे कर्ज असते, घरी पाठवायला काही नसते, आणि कामगारांच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले तर झोपायची जागाही शोधावी लागते. शस्त्रक्रियेआधी रुग्णालयाला मालकाचे हमीपत्र हवे असते. ते लांबले की शस्त्रक्रिया लांबते. ट्रान्झिएंट वर्कर्स काउंट टू ही संस्था २००८ पासून लिटल इंडियात कफ रोड प्रकल्प चालवते. नोव्हेनाच्या दक्षिणेला, फार दूर नाही. काम आणि कमाई थांबलेल्या अशा कामगारांना तिथे मोफत जेवण मिळते. जेवायला आलेल्या माणसाचे कागद बघायला कोणीतरी बसलेले असते. होम आणि हेल्थसर्व्ह या संस्थाही हेच काम वेगळ्या टोकांनी करतात. होमने निवारा आणि कायद्याची मदत दिली, हेल्थसर्व्हने परवडणारे दवाखाने चालवले.

खांद्याच्या रुग्णाला हा विलंब इतर कोणाहूनही जास्त भोवतो. फाटलेली कंडरा शिवली की हात साधारण सहा आठवडे गळ्यात बांधून ठेवायचा, मग फिजिओथेरपी आणि जड कामाला परतायला सहा महिने किंवा त्याहून जास्त. फाटलेली कंडरा फार काळ तशीच राहिली तर स्नायू आकसतो, त्यात चरबी साठते आणि शिवण टिकत नाही. दुखते म्हणून हात न हलवता बसलेल्या माणसाचा सांधा आखडतो. नव्या कायद्यानुसार प्रकृती पूर्ण स्थिर होण्याची वाट न पाहता, अपघाताला सहा महिने झाले की त्या वेळच्या अवस्थेवरून अपंगत्वाची टक्केवारी ठरवता येते. पैसे लवकर मिळावेत हा त्यामागचा हेतू आहे आणि ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्याला त्याचे मोल कळते. पण हमीपत्राअभावी ज्याची शस्त्रक्रियाच चौथ्या महिन्यात झाली, त्याचा खांदा सहाव्या महिन्यात शेवटी कुठे पोचणार हे कोण सांगणार? हिशेबाच्या घड्याळाला शस्त्रक्रियेच्या तारखेशी बांधायला हवे, असे मला ठामपणे वाटते.

टक्केवारी निघते कशी? डॉक्टर हात पुढे, बाजूला, मागे किती अंश जातो हे मोजतात आणि मंत्रालयाच्या मार्गदर्शक पुस्तिकेतल्या तक्त्याशी जुळवतात. हात खांद्याच्या पातळीपर्यंत जातो पण त्यावर जात नाही, अशा माणसाला कारकुनी करता येते. परांची बांधणाऱ्याचा मात्र तो धंदा संपला. तक्त्यात दोघांचे अंश सारखेच.

इथे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९७५ मधला एक निकाल आठवतो. ओडिशातल्या जेपूरमध्ये चित्रपटगृहाच्या सजावटीचे काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. कायद्याच्या परिशिष्टात अशा इजेला ठरावीक टक्के दिलेले आहेत. खांद्याच्या सांध्यातून हात गेला तर ९०, त्याखाली उरलेल्या दंडाच्या लांबीप्रमाणे ८० किंवा ७०. मालकाने तेच पुढे केले. न्यायालयाने म्हटले की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसाची कमावण्याची क्षमता शंभर टक्के गेली. अर्धशतकानंतरही भारतातले वकील आणि आयुक्त हा निकाल वापरतात. शरीराचे माप आणि पोटाचे माप वेगळे असते, हे त्या निकालाने कायद्याच्या भाषेत आणले.

म्हणून भारतात खांद्याच्या कामगाराचे बरे चालले आहे असे मात्र नाही. हिशेब करून पाहू. तीस वर्षांचा माणूस महिना वीस हजार कमावतो. १९२३च्या कायद्याखाली २०२० पासून वेतन धरले जाई ते जास्तीत जास्त पंधरा हजार. त्याच्या साठ टक्क्यांना, म्हणजे ९,०००ला, तीस वर्षांच्या वयाचा गुणक २०७.९८ लावला की पूर्ण अपंगत्वाचे १८,७१,८२० रुपये होतात. आखडलेला खांदा परिशिष्टात नाही, म्हणून त्याची टक्केवारी डॉक्टरच्या दाखल्यावर ठरते. वीस टक्के धरली तर ३,७४,३६४ रुपये. एक महिन्यात पैसे भरले नाहीत तर बारा टक्के व्याज आणि दंडाचीही तरतूद त्या कायद्यात होती. प्रत्यक्षात आयुक्तांपुढे वर्षे जातात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा जुना कायदा तिच्यात सामावला गेला. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही त्यात येतो.

पण ज्याचा अपघात कुठल्याच तारखेला झाला नाही त्याचे काय? पुण्याच्या मार्केट यार्डात, वाशीच्या बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाचा खांदा एका दुपारी जात नाही. तो वीस वर्षे जात असतो. एकेकाळी पोते शंभर किलोचे असे. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एका पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोची शिफारस केली. आपल्याकडे पोते पन्नास किलोवर आणण्यासाठी हमालांना झगडावे लागले. बाबा आढाव आणि हमाल पंचायत यांनी तो प्रश्न दशकानुदशके धरून ठेवला. डिसेंबर २०२५ मध्ये बाबा गेले तेव्हा त्यांच्यावर लिहिताना बहुतेकांना ‘एक गाव एक पाणवठा’ आठवले, ‘कष्टाची भाकर’ आठवली. मला पोत्याचे वजनही आठवले. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा आला, मंडळे आली, नोंदलेल्या कामगाराला भरपाईचा कायदा लागू झाला. पण भरपाईच्या कायद्याच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत शिसे होते, पारा होता, सिलिकोसिस होता. झिजलेला खांदा नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१०च्या यादीत स्नायू आणि सांध्यांच्या विकारांना स्वतंत्र जागा आहे. सिंगापूरच्या यादीत हाताच्या अशा विकारांना जागा आहे, मग काम आणि दुखणे यांचा संबंध दाखवणे कितीही कठीण असो. आपल्याकडे दारच नाही.

आता नोव्हेनाला परत येऊ, कारण सिंगापुरातल्या मराठी माणसाचा या कायद्याशी संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. तिथला मराठी समाज बहुतांशी संगणक, बँका, जहाज व्यवसाय, रुग्णालये यांत आहे. सक्तीचा विमा कार्यालयीन कामात महिना २,६०० डॉलरपर्यंतच्या पगारालाच लागतो, म्हणून अनेकांना वाटते की हा कायदा आपला नाही. तो आहे. सक्ती विम्याची नसते, जबाबदारी मालकाची असतेच. रुग्ण उचलताना खांद्यात कळ गेलेल्या परिचारिकेने त्याच दिवशी डॉक्टरला ‘रुग्ण उचलताना झाले’ असे सांगितले आणि ते केसपेपरवर आले, तर पुढचा अर्धा वाद टळतो. ‘खांदा दुखतोय’ एवढेच लिहिले गेले, तर सहा महिन्यांनी तो कागद तिच्याच विरुद्ध उभा राहतो. मॉलच्या दाराशी मोटारसायकल लावून जेवणाचे डबे पोचवणाऱ्यांनाही १ जानेवारी २०२५ पासून, प्लॅटफॉर्म कामगारांच्या कायद्यामुळे, नोकरदारांच्या बरोबरीची भरपाई मिळते.

एक मोठा गट बाहेर आहे, आणि तो आपल्या घरात आहे. घरकामाच्या मदतनीस स्त्रियांना हा कायदा लागू होत नाही. त्यांच्यासाठी मालकाने किमान ६०,००० डॉलरचा वैयक्तिक अपघात विमा आणि २०२३ पासून ६०,००० डॉलरचा वैद्यकीय विमा काढायचा असतो. अपघात विमा मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आणणाऱ्या अपघातासाठी असतो. रजेच्या काळातले वेतन, रोजच्या उचलण्याने होणारी झीज, टक्केवारीला आव्हान देण्याची वाट, यातले काही त्यात नाही. आणि या स्त्रिया काय करतात? भारतातून आलेल्या आजी-आजोबांना अंथरुणातून उठवतात, न्हाणीघरात नेतात, खुर्चीत बसवतात. परिचारिकेला हेच काम शिकवले जाते, दोघींनी मिळून करायला सांगितले जाते, सरकपट्टी आणि पट्टा दिला जातो. घरात ती एकटी असते.

एजन्सी फॉर इंटिग्रेटेड केअरमार्फत सिंगापुरात काळजी घेणाऱ्यांसाठी अनुदानित प्रशिक्षण मिळते, त्यात रुग्णाला उचलण्याची पद्धत शिकवतात आणि घरची मदतनीसही ते घेऊ शकते. उचलण्याचा पट्टा औषधांच्या दुकानात मिळतो. विम्याच्या कागदातला ‘अपघात’ या शब्दाचा खुलासा करणारा परिच्छेद पॉलिसी घेण्यापूर्वी वाचायला दहा मिनिटे लागतात. तिने ‘दीदी, हात वर जात नाही’ म्हटले, तर मलम हातात न देता त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे न्यायचे आणि काय करताना दुखायला लागले हे तिच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगायचे.